अकरा वीसचं रीडिंग

आमच्या घरचा फ्रीज घुमायला लागला की बायको मला न सांगता मेकॅनिकला फोन करते. मला सांगितलं तर मी फ्रीजच्या पाठीवर हात ठेवून, डोळे मिटून पाच मिनिटं उभा राहतो, मग ‘कॉम्प्रेसरचे रबर गेलेत’ असं जाहीर करतो आणि पुन्हा पेपर वाचायला बसतो. रबर बदलायला मेकॅनिकच लागतो. एकतीस वर्षं विजेच्या खात्यात टेस्टिंगला काढली. त्यातली शेवटची बारा चंद्रपूर-गडचिरोलीतल्या ट्रान्सफॉर्मरची थरथर मोजण्यात गेली. नोकरी संपली, पण हाताची सवय गेली नाही.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, ‘बोरकुटे साहेब, जंगलातल्या नोकरीचं काहीतरी लिहा, पण वाचकांची करमणूक झाली पाहिजे.’ करमणुकीचे दोन किस्से माझ्यापाशी आहेत. ते आधी सांगून टाकतो. त्यापुढचं सांगायला मला इतकी वर्षं लागली, आणि त्यात करमणूक नाही.

धंदा काय होता ते थोडक्यात सांगतो. ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडी पत्र्यांचा गाभा, त्याभोवती तांब्याची वेटोळी, आणि हे सगळं तेलाच्या टाकीत बुडवलेलं. आत फिरणारा एकही भाग नाही. तरी तो घुमतो, कारण आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते आणि प्रत्येक हेलकाव्यात गाभ्याचं लोखंड दोनदा ताणलं जातं. सेकंदाला शंभर हिसके. हा गाभ्याचा आवाज चोवीस तास जवळपास सारखाच असतो. वेटोळ्यांचं मात्र तसं नाही. त्यांच्यातून किती प्रवाह वाहतो त्यावर त्यांची थरथर ठरते. प्रवाह दुप्पट झाला की थरथर चौपट होते. हे एवढं वाक्य कृपा करून लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही वेटोळी जागच्या जागी राहावीत म्हणून वरखालून आवळलेली असतात, मध्ये दाबलेल्या पुठ्ठ्याचे ठोकळे असतात. वर्षं जातात तसा पुठ्ठा सुकतो आणि आवळण सैल पडते. आमच्या भागात जरा लवकरच पडते. वाऱ्याने बांबू तारांवर येतो, सागाची फांदी येते, वानरं झोके घेतात. दर वेळी शॉर्ट होतो आणि दर वेळी आतल्या वेटोळ्यांना जबर धक्का बसतो. असे धक्के खाऊन सैल झालेली वेटोळी एखाद्या दिवशी सरकतात, आणि मग जे होतं ते बघायला कुणी जवळ नसलेलं बरं.

टाकी उघडून आत बघणं म्हणजे महिनाभराचं काम. म्हणून बाहेरून मोजायचं. टाकीच्या चारी अंगांना पिवळ्या रंगाच्या खुणा केलेल्या असत. त्यांवर लोहचुंबकाने सेन्सर चिकटवायचे, यंत्राच्या पडद्यावर थरथरीचा आलेख पाहायचा आणि तो त्याच ट्रान्सफॉर्मरच्या मागच्या वर्षीच्या आलेखाशी ताडायचा. दोन ट्रान्सफॉर्मर कधी सारखे थरथरत नाहीत, म्हणून ज्याची त्याने स्वतःशीच तुलना. आलेख जुळला की शेऱ्यात लिहायचं, ‘निर्दोष’.

आता किस्से. कुरखेड्याच्या बाजूला एका उपकेंद्रातला ट्रान्सफॉर्मर कण्हतो अशी तक्रार आली. जाऊन पाहतो तर फाटकाला हळदकुंकू, नारळाच्या करवंट्या, उदबत्तीच्या काड्या. शेजारच्या टोलीवरच्या, त्या छोट्या वस्तीतल्या, बायकांनी त्याचा देव करून टाकला होता. मी सेन्सर लावले, दहा मिनिटांत रेडिएटरचा एक सैल बोल्ट सापडला, पान्याने आवळला. कण्हणं बंद. मी शाबासकीच्या अपेक्षेने बाहेर आलो तर एक म्हातारी फाटकाशी उभी होती. तिने विचारलं, देव गेला का. मी म्हटलं, देव नव्हताच, बोल्ट होता. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मला पान्याची लाज वाटली.

दुसरा किस्सा चंद्रपूरच्या एका कारखान्याचा. मालक माझ्या यंत्राला ‘बोरकुट्यांचं भविष्य’ म्हणायचा. त्याच्या ट्रान्सफॉर्मरचा आलेख एका वर्षात दुपटीने चढला. मी लिहून दिलं, ताबडतोब उघडा. त्याने आठवडाभर मला शिव्या घातल्या, मग उघडला. आतले ठोकळे सुटे झाले होते. आणखी एक धक्का बसला असता तर कारखान्याचा तो कोपराच गेला असता. त्या दिवसापासून दोन्ही जिल्ह्यांत माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बोरकुट्यांनी निर्दोष लिहिलं म्हणजे निर्दोष, दोषी लिहिलं म्हणजे दोषी. मला ते आवडायला लागलं होतं, हे आज कबूल करतो.

त्या काळी जंगलाकडे जाणाऱ्या सरकारी गाड्यांना एक नियम होता. लेखी कुठे नव्हता, पण सगळे पाळायचे. दुपारी तीनच्या आत परतीला निघायचं. परिस्थिती तशी होती आणि वाईट घटना घडूनही गेल्या होत्या. त्यामुळे आम्ही पहाटे चंद्रपूर सोडायचो, दहा-अकराला उपकेंद्रात पोहोचायचो, रीडिंग घ्यायचो, डबा खायचो आणि परत फिरायचो. वर्षानुवर्षं. जंगलातल्या एकूण एक ट्रान्सफॉर्मरचं रीडिंग असं सकाळीच घेतलेलं होतं.

ज्या उपकेंद्राबद्दल लिहायचं आहे त्याचं नाव लिहीत नाही. वैनगंगा ओलांडून बरंच आत, भोवती साग आणि मोह, थोडं पुढे धानाची बांधी, बांध घातलेली शेतं. उन्हाळी धान वाढल्यापासून तिथे पंप वाढले होते आणि शेतीपंपांना वीज संध्याकाळी सहानंतर मिळायची. तिथले ऑपरेटर नासीरभाऊ. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. मूळचे वडशाचे. वडिलांचं तिथे डिझेल इंजिनं दुरुस्त करायचं दुकान होतं आणि मुलाचे कान त्या दुकानात तयार झाले होते. त्यांच्यापाशी सागाची एक काठी होती. तिचं एक टोक टाकीच्या बोल्टवर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला लावायचं आणि ऐकायचं. रोज दोनदा, संध्याकाळी तर न चुकता. पूर्वी सगळे जुने ऑपरेटर असं करायचे. यंत्रं आल्यावर ते मागे पडलं.

त्यांच्या हाताखाली लाइनमन दसरू मडावी. उपकेंद्राच्या कुंपणाला लागून असलेल्या टोलीत त्याचं घर. चाळिशीचा, कमी बोलणारा. मी गेलो की माझ्या वायरी तोच उलगडायचा, पिवळ्या खुणा फडक्याने पुसून सेन्सर तोच लावायचा. पहिला सेन्सर लावण्याआधी तो टाकीवर तळहात ठेवून ‘जोहार’ म्हणायचा, त्यांच्याकडे पाहुण्याला म्हणतात तसा. मी थट्टा केली की नुसता हसायचा. परतताना गाडीत तेंदूच्या टेंभरांची नाहीतर चारोळीची पुडी हमखास ठेवलेली असायची.

एका वर्षी होळीच्या सुमाराला नासीरभाऊंनी संध्याकाळी सातला, ऐन भारात, स्वतःच्या हाताने ब्रेकर पाडला. अख्खा भाग बंद. पंप बंद, राइस मिल बंद. वरून फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं, आवाज बदलला आहे, मी चालू करणार नाही. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. मग मोठ्या लोकांचे फोन गेले, बांध्या वाळताहेत म्हणून शेतकरी फाटकावर आले, आणि नासीरभाऊंना कारणे दाखवा नोटीस मिळाली. कुठल्याही मीटरवर काही दिसत नसताना पुरवठा का बंद केला? त्यांनी उत्तरात लिहिलं, ‘काठीने ऐकून.’ ऑफिसात तो कागद हातोहात फिरला, सगळे हसले. मीही हसलो.

निलंबन करायचं की नाही ते माझ्या रीडिंगवर ठरणार होतं. सत्तावीस वर्षांची नोकरी त्या पिवळ्या खुणांवर टांगलेली होती, आणि हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

मी नेहमीसारखा सकाळी पोहोचलो. दसरूने जोहार केला, सेन्सर लावले. पडद्यावर आलेख उमटला. मागच्या वर्षीच्या आलेखावर ठेवला तर रेघेवर रेघ. नासीरभाऊ माझ्या खांद्यामागे उभे होते. त्यांनी आलेखाकडे पाहिलंच नाही.

‘आत्ता काऊन मोजता, साहेब?’ ते म्हणाले. ‘आत्ता तं तो झोपून हाये. रिकामी बैलबंडी कुरकुरत नाई. भरली का मंग बोलते. संध्याकाळी पंप चालू झाले का मोजा, मंग मी खोटा निंघालो तं मले काढून टाका.’

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. प्रवाह दुप्पट तर थरथर चौपट, हे मी स्वतः प्रशिक्षणाला आलेल्या पोरांना फळ्यावर लिहून द्यायचो. पण मागची सगळी रीडिंगं सकाळचीच होती, सकाळची सकाळशी जुळत होती, आणि जुळणाऱ्या रेघा पाहून माणूस आंधळा होतो. मी म्हटलं, तीनच्या आत निघावं लागतं. ते म्हणाले, पोलीस ठाण्याला एक फोन करा, त्यांच्या कॅम्पात खाट मिळते. दसरू वायरी गुंडाळत होता. तोही हळूच म्हणाला, ‘आज थांबा, साहेब. घरी सांगून ठेवलो हाये.’

ठाण्याला फोन केला असता तर खाट मिळाली असती. मी केला नाही. नियमामुळे नाही, भीतीमुळेही नाही. एका ऑपरेटरच्या काठीसाठी मी, बोरकुटे, मुक्काम करायचा, हे मला सोसवलं नाही. इतकं साधं आणि इतकं क्षुद्र कारण होतं. पावणेतीनला गाडीत बसलो. रिपोर्टच्या छापील फॉर्मात ‘वेळ’ आणि ‘भार’ असे दोन रकाने असतात. वेळेच्या रकान्यात आडवी रेघ मारली, भाराच्या रकान्यात ‘सर्वसाधारण’ लिहिलं, म्हणजे तोही रिकामाच. हात तिथे अडखळला होता, म्हणजे मनाला काहीतरी कळत होतं. खाली लिहिलं, ‘निर्दोष’. सही केली.

नासीरभाऊंचं निलंबन टळलं. वय पाहून दया दाखवली, असं वरचे म्हणाले. पण वेतनवाढ थांबली आणि सर्व्हिस बुकात शेरा पडला: ऐकीव अंदाजावर पुरवठा खंडित करू नये, उपकरणाचं रीडिंग पाहूनच निर्णय घ्यावा. शेऱ्याला आधार म्हणून माझा रिपोर्ट जोडला होता. नासीरभाऊंनी काठी कंट्रोल रूमच्या माळ्यावर टाकून दिली, हे मला नंतर कळलं.

वैशाखात एका दुपारी तिकडे वावटळ झाली. बांबूचं एक अख्खं बेट लाइनवर आलं, दोन-तीनदा शॉर्ट झाला. लाइनमननी तारा मोकळ्या केल्या आणि सहाला पंपांना वीज सोडली. त्या दिवशीचं पुढचं मी नासीरभाऊंच्या तोंडून ऐकलं. चौथ्या दिवशी मी त्यांना भेटायला गेलो तेव्हा ते कंट्रोल रूमच्या पायरीवर बसले होते. यार्डातली जमीन काळी पडली होती आणि तेलाचा वास अजून होता.

‘खिडकीतूनच आवाज आला, साहेब,’ ते म्हणाले. ‘काठीची गरजच नव्हती. माहा हात ब्रेकरवर गेलता. मंग तुमचा कागद आठोला. रीडिंग पाह्यल्याशिवाय पाडाचा नाई. मी दसरूले म्हटलं, जा, काट्यावर तापमान किती हाये ते पाह्यून ये.’

तापमानाचा काटा कंट्रोल रूममध्येही असायला हवा, पण तिथला कित्येक महिने बंद होता. चालू काटा एकच, टाकीच्या बाजूला. दसरू बॅटरी घेऊन गेला. तो टाकीपाशी पोहोचला आणि वरचं, तार आत नेणारं चिनीमातीचं बुशिंग फुटलं. पेटलेलं तेल खाली आलं. बिघाड ओळखणाऱ्या रिलेने आपलं काम केलं, ब्रेकर आपोआप पडला, पण तोवर उशीर झाला होता. वैनगंगा ओलांडायच्या आधीच ॲम्ब्युलन्समध्ये दसरू गेला.

हे सांगताना नासीरभाऊ रडले नाहीत. मला वाटलं होतं ते माझ्यावर ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त पुन्हा पुन्हा म्हणत होते, मीच पाठवलो त्याले, मीच पाठवलो.

जळालेला ट्रान्सफॉर्मर वर्कशॉपला नेऊन उघडला तेव्हा मी मुद्दाम हजर राहिलो. एका बाजूची वेटोळी कोळसा झाली होती, पण दुसऱ्या बाजूची शाबूत होती. तिथला पुठ्ठ्याचा ठोकळा मी दोन बोटांनी हलवून पाहिला. जो ठोकळा कित्येक टनांच्या दाबाखाली हवा, तो दोन बोटांनी हलला. असा सैलपणा एका दुपारच्या वावटळीने येत नाही. होळीच्या वेळी तो होताच. काठीने तो ऐकला होता. माझ्या यंत्रालाही ऐकू आला असता, मी पावणेतीनला निघून गेलो नसतो तर.

चौकशी झाली. माझा रिपोर्ट टेबलावर होता. साहेबांनी विचारलं, त्या दिवशी ट्रान्सफॉर्मर निर्दोष होता ना? मी म्हणालो, रीडिंगप्रमाणे निर्दोष होता. वेळ कोणती, भार किती, हे कुणी विचारलं नाही. ती रिकामी रेघ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. मीही बोललो नाही. नासीरभाऊंची साक्ष झाली. विचारलं तेवढंच तेही बोलले. निष्कर्ष निघाला, लाइनवरच्या दोषामुळे अकस्मात बिघाड. दोष कुणाचाच नाही. दसरूच्या बायकोला, मैनाबाईला, अनुकंपेवर तालुक्याच्या ऑफिसात शिपायाची नोकरी मिळाली. नासीरभाऊंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि वडशाला गेले.

त्यानंतर मी एक काम केलं, आणि तेच मला जास्त खुपतं. मी वरच्यांना लिहून परवानगी घेतली आणि जंगलातल्या बाकीच्या ट्रान्सफॉर्मरची रीडिंगं संध्याकाळी घ्यायला सुरुवात केली. पोलीस कॅम्पात झोपलो, शाळेच्या वऱ्हांड्यात झोपलो. दोन ट्रान्सफॉर्मर सकाळी गुमान आणि संध्याकाळी बडबडे निघाले. दोन्ही वेळेवर उघडले, दोन्ही आतून सैल होते. निवृत्तीच्या वर्षी त्याबद्दल माझा सत्कार झाला, शाल, श्रीफळ, टाळ्या. ‘संध्याकाळच्या भारावर मोजण्याची कल्पना आपल्याला कशी सुचली?’ असं सूत्रसंचालकाने विचारलं. मी माइकवर म्हणालो, अनुभवातून सुचली. नासीरभाऊंचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं. दसरूचंही. गिळून टाकली दोन्ही. ती शाल कपाटात अजून तशीच आहे. बायकोने एकदा कुणाला तरी द्यायला काढली होती. मी तिच्यावर उगाच खेकसलो आणि पुन्हा आत ठेवली.

इथवर लिहून झाल्यावर छापायला देण्याआधी नासीरभाऊंना वाचून दाखवावं असं वाटलं. वडशाला गेलो. ते घरासमोरच्या ओट्यावर बसले होते, खूप वाळलेले. डावा कान आता जवळजवळ गेला आहे. त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला आणि मान खाली घालून सगळं ऐकलं. मध्ये सून चहा ठेवून गेली, तो तसाच राहिला.

वाचून संपल्यावर ते म्हणाले, ‘सगळं बराबर लिह्यलं, साहेब. पण तवाच्या कागदावर जे दोन रकाने रिकामे ठेवले, ते इथी बी रिकामेच ठेवले.’

मी म्हटलं, नेमकी वेळ आठवत नाही.

‘मले आठोते. लॉगबुकात मीच लिह्यलो होतो. साहेबायनं रीडिंग घेतलं, वेळ अकरा वीस. भार एकशेदहा अँपियर. संध्याकाळी तोच भार चारशे चाळीस व्हाचा.’

म्हणजे चौपट प्रवाह. चौपट प्रवाहाला थरथर सोळापट. जी सैल वेटोळी संध्याकाळी सोळा रुपयांच्या आवाजात ओरडत होती, तिचा एक रुपया मी अकरा वीसला ऐकला आणि सही केली. मी विचारलं, लॉगबुकात होतं तर चौकशीत तुम्ही का दाखवलं नाही?

त्यांनी गार झालेला चहा उचलला, तसाच खाली ठेवला. मग म्हणाले, ‘ते दाखवलो असतो तं दसरूले कोनं पाठवलं, हेही कोनी इचारलं असतं. ते मले सांगता आलं नसतं. तुमी भिऊन चूप राह्यले, मी बी भिऊन चूप राह्यलो.’

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी हाताने ती बाजूला सारली आणि म्हणाले, हे छापाच्या आंदी मैनाबाईले वाचून दाखवा, मी येतो संगं. त्यांच्या समोरच पेन काढून मी कागदाच्या तळाशी लिहिलं: वेळ, अकरा वाजून वीस मिनिटं. भार, एकशेदहा अँपियर. सोळा वर्षं रिकामे राहिलेले रकाने भरले. त्याने कुणाचं काही भलं झालं नाही.

पुढच्या रविवारी मुलाची गाडी घेऊन आम्ही दोघं गेलो. आता रस्ता चांगला झाला आहे, तीनचा नियम कुणाला आठवतही नाही. मैनाबाई अंगणात मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. नासीरभाऊ तिला ‘बाई’ म्हणाले आणि अंगणातच खाली बसले. मीच सांगितलं कशासाठी आलो ते, आणि वाचलं. तिने हात थांबवले नाहीत. दसरूला काट्याकडे पाठवलं तिथे नासीरभाऊंनी तोंड फिरवलं. तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा शेंग उचलली. राग दिसला नाही. दिसला असता तर मला उठून जाता आलं असतं.

संपल्यावर तिने एकच विचारलं, त्या दिवशी तुमी किती वाजता निंघाले होते?

मी म्हटलं, पावणेतीन.

‘कोंबडं कापलं होतं,’ ती म्हणाली. ‘सकाळीच सांगून गेलते, साहेब आज थांबते म्हून. दिवे लागेपर्यंत वाट पाह्यली आमी.’

 आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. ऊन उतरलं. उपकेंद्राच्या कुंपणापलीकडे नवा ट्रान्सफॉर्मर उभा आहे, पिवळ्या खुणांसकट. दिवेलागण झाली, टोलीतले बल्ब लागले, कुठेतरी पंप सुरू झाले, आणि इतका वेळ ऐकू न येणारी घुमघुम हळूहळू अंगणापर्यंत आली. नासीरभाऊंनी नकळत उजवा कान तिकडे केला.

मैनाबाईचे हात थांबले.

‘हाच आवाज आयकाले थांबा म्हणत होते तुमाले?’

मी म्हटलं, हो.

‘येवढंच?’ ती म्हणाली.